रंग हा नराचा दाखला नव्हे

‘चटकदार रंगाचा तो नर, फिकट ती मादी.’ शोभिवंत माशांच्या दुकानात जोडी मागायला गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हे वाक्य ऐकवलं जातं. टाकी कशी सांभाळावी हे सांगणाऱ्या पुस्तिकांत ते असतं, आणि वर्षानुवर्षं मासे पाळणारी जाणती माणसंही नवख्याला पहिल्याच दिवशी तेच शिकवतात. ऐकणाऱ्यालाही ते पटतं, कारण मोर-लांडोर, कोंबडा-कोंबडी आपण लहानपणापासून पाहिलेली असतात. या वाक्याला माझा विरोध आहे. काही माशांच्या बाबतीत ते खरं ठरतं, पण तेवढ्यावर त्याला नियम म्हणता येत नाही. शिवाय या नियमावर विसंबून केलेल्या खरेदीची किंमत मासे जिवानिशी मोजतात, म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर करायला हवा.

नियमाच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा गप्पीचा, तेव्हा सुरुवात तिथूनच करू. गप्पीचा नर लहानखुरा आणि ठिपक्याठिपक्यांचा, मादी थोराड आणि राखाडी, हे कुणीही नाकारणार नाही. डेन्मार्कच्या विंगे या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच दाखवून दिलं होतं, की गप्पीच्या रंगांची बरीचशी जनुकं ‘वाय’ गुणसूत्रावर असतात आणि बापाकडून थेट मुलाकडे जातात. इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. पण तोच पुरावा आणखी काय सांगतो ते नियमवाले पाहत नाहीत. जॉन एंडलर यांनी त्रिनिदादच्या ओढ्यांत गप्पींचा अभ्यास केला आणि १९८० साली तो प्रसिद्ध केला. गप्पी खाणारे मोठे सिक्लिड मासे ज्या पाण्यात होते, तिथले नर फिके होते. वरच्या अंगाला, धबधब्यांपलीकडे, जिथे हे शिकारी पोचत नाहीत, तिथले नर रंगीबेरंगी होते. धोक्याच्या पाण्यातले गप्पी एंडलर यांनी सुरक्षित ओढ्यात नेऊन सोडले, तर सुमारे दोन वर्षांत त्यांच्या वंशातले नर अधिक ठिपकेदार झाले. म्हणजे नराचा रंगसुद्धा आसपास कोण खायला टपलंय यावर ठरतो. मादीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. गप्पीच्या मादीला नर-संप्रेरक दिलं की तिच्याही अंगावर रंग उमटतात. रंगाची काही जनुकं तिच्यातही असतात, फक्त दबून राहिलेली असतात.

आणि मुळात गप्पीत नर ओळखायला रंगाची गरजच काय? नराच्या पोटाखालचा गुदपर काडीसारखा लांबट होऊन त्याचा समागमाचा अवयव झालेला असतो. मादीचा गुदपर पंख्यासारखा पसरट असतो आणि त्याच्याजवळ गर्भाचा काळसर डाग दिसतो. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल या पिल्लं घालणाऱ्या सगळ्या माशांत गुदपराची ही खूण चालते. काळ्या मॉलीत दोघंही काळी, लाल प्लॅटीत दोघंही लाल, तिथे रंगाचा नियम मुका होतो आणि गुदपराची खूण मात्र बोलत राहते. पैदास करणाऱ्यांनी आता गप्पीच्या माद्यांच्या शेपटांवरही रंग चढवले आहेत, त्यामुळे ज्या एका माशावर नियमाची सगळी भिस्त होती तिथेही तो डळमळू लागला आहे. स्वोर्डटेलमध्ये काही नर फार उशिरा वयात येतात. तोवर ते अंगाने मादीसारखेच दिसतात आणि मग एक दिवस त्यांना तलवार फुटते. ‘माझ्या मादीचा नर झाला’ अशी जी हकीकत छंदी मंडळी सांगतात, तिच्यामागे बहुतेक वेळा असा उशिरा पिकलेला नर असतो.

थोडं शिकलेला माणूस पुढे डार्विनचा हवाला देतो. मादी निवड करते, नर मिरवतो, म्हणून नर रंगीत. हा निसर्गाचा कायदाच आहे, असं तो म्हणतो. डार्विनच्या १८७१ सालच्या लैंगिक निवडीवरच्या ग्रंथात माशांबद्दल जे लिहिलंय ते वाचलं तर हा हवाला अंगावर उलटतो. युरोपच्या किनाऱ्यावरच्या लॅब्रस मिक्स्टस या माशाचं वर्णन तिथे आहे. नर नारिंगी आणि त्यावर निळे पट्टे, मादी लालभडक आणि पाठीवर काळे ठिपके. नर-मादी वेगळ्या रंगाची, तरी दोघंही सुंदर, असं डार्विनने नोंदवलंय. डार्विनला जे ठाऊक नव्हतं ते आज आपल्याला ठाऊक आहे. या जातीतले ते नारिंगी-निळे नर बहुतेक आधी लाल माद्या असतात आणि वय वाढल्यावर नर होतात. एकाच जिवाने आयुष्यात दोन रंग आणि दोन लिंगं भोगलेली असतात. कॅलिओनिमस या माशाची कथाही त्याच ग्रंथात येते. त्याचा नर आणि मादी दिसायला इतकी वेगळी, की लिनियसने १७५८ साली त्या दोघांना दोन स्वतंत्र जाती मानून दोन नावं दिली. पोपटमाशांच्या कितीतरी जातींतही भुरकट आणि भडक अशा दोन अवस्थांना शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या जाती ठरवलं होतं. ज्यांचं आयुष्य मासे ओळखण्यात गेलं त्यांनाही रंगाने असा चकवा दिला आहे.

मिरवण्याचं काम फक्त नराचं, हेही खरं नाही. उत्तर युरोपच्या किनाऱ्यावर गोबी कुळातला दोन ठिपक्यांचा एक लहानसा मासा असतो. विणीच्या काळात त्याच्या मादीचं पोट नारिंगी होतं. अमुंडसेन आणि फॉर्सग्रेन यांनी २००१ साली प्रयोगाने दाखवलं, की नरापुढे दोन माद्या ठेवल्या तर तो जास्त नारिंगी पोटाच्या मादीकडे वळतो. इथे निवड नराची आणि रंग मादीचा. आपल्या दुकानांत सहज मिळणारा क्रिबेन्सिस घ्या. हा पश्चिम आफ्रिकेतला मासा. विणीला आलेल्या मादीचं पोट डाळिंबी-जांभळं होतं, ती अंग वाकवून ते पोट नराला दाखवते आणि प्रणयाला बहुधा तीच सुरुवात करते. नर लांब आणि मोठा असतो, पण रंगात तिच्या मागे. मध्य अमेरिकेतल्या कॉन्व्हिक्ट सिक्लिडमध्ये नर राखाडी-काळ्या पट्ट्यांचा असतो आणि मादीच्या पोटावर सोनेरी-नारिंगी खवले चमकतात. ‘चटकदार तो नर’ म्हणणाऱ्याने या दोन जातींत खरेदी केली तर शंभर टक्के उलटी होणार.

‘अपवाद कुठल्या नियमाला नसतात?’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. मग मलावी सरोवरातल्या खडकाळ किनाऱ्याच्या तीन सिक्लिडांकडे पाहू. तिन्ही एकाच पाण्यातले आणि आपल्याकडे बऱ्याचदा एकाच टाकीत ‘मलावी मिक्स’ म्हणून विकले जाणारे. ऑरॅटस जातीत मादी आणि पिल्लं पिवळी, काळ्या पट्ट्यांची. नर वयात आला की काळसर होतो. लोम्बार्डोई जातीत, जिला धंद्यात ‘केनयी’ म्हणतात, मादी आणि पिल्लं निळी; नर वयात आला की पिवळा होतो. आणि ‘इलेक्ट्रिक यलो’ नावाने खपणाऱ्या लॅबिडोक्रोमिसमध्ये नर-मादी दोघंही पिवळी. पिवळा मासा दिसला तर तो काय समजायचा? पहिल्या जातीत मादी, दुसरीत नर, तिसरीत काहीही. शिवाय ऑरॅटसच्या टाकीत नर नसला तर वरचढ मादीसुद्धा काळसर होते. याला अपवादांची यादी म्हणता येणार नाही. इथे तिघांपैकी एकाच जातीपुरता नियम खरा ठरतो, आणि तोही योगायोगाने. ऑरॅटसचा नर अत्यंत भांडखोर असतो. पिवळ्या ‘माद्या’ समजून आणलेल्या पिल्लांतून तीन नर निघाले, तर छोट्या टाकीत त्यातला एकच शिल्लक राहतो. बाकीचे पर फाटलेल्या अवस्थेत कोपऱ्यात मरतात आणि मालक पाण्याला दोष देत बसतो.

तरीही नियम खरा वाटतो, असं अनेक प्रामाणिक माणसं सांगतात. ती खोटं बोलत नाहीत. त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो दुकानातल्या माशांचा अनुभव आहे, आणि दुकानातले मासे आधीच निवडून आलेले असतात. ड्वार्फ गुरामी हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आपलाच मासा. त्याचा नर निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा, मादी रुपेरी. दुकानात त्याचे जवळजवळ सगळे नरच दिसतात, कारण रुपेरी मादीला गिऱ्हाईक नाही. फायटर माशाचंही तसंच. लांब परांचे नर बाटलीबाटलीतून मांडलेले असतात, माद्या एखाद्या कोपऱ्यातल्या टाकीत दाटीवाटीने. ज्या जातींचे नर देखणे, त्याच जाती पैदास करणारे निवडतात आणि त्यांचेच नर पुढे पाठवतात. मग ते पाहून आपण म्हणतो, बघा, रंगीत ते सगळे नर. गाळणीतून आलेल्या मालावरून आपण निसर्गाचा कायदा काढतो.

यात भर म्हणून आणखी एक गोष्ट चालते आणि ती धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. लवकर रंग यावा म्हणून काही ठिकाणी लहान माशांना खाद्यातून किंवा पाण्यातून नर-संप्रेरक दिलं जातं. मलावीच्या पीकॉक सिक्लिडांत हे विशेष दिसतं. एवढ्याशा पिल्लांची अख्खी टाकी निळी-लाल झगमगत असेल तर संशय घ्यायलाच हवा, कारण नैसर्गिक वाढीत त्या वयाला तो रंग येत नाही. अशा टाकीतला रंगीत मासा मादीही असू शकतो. घरी आणल्यावर संप्रेरक थांबतं, काही आठवड्यांत रंग उतरतो आणि त्या मादीला पुढे अंडी होतील याचीही खात्री नसते. रंगावरून नर ओळखण्याच्या आपल्या सवयीतूनच या फसवणुकीला बाजार मिळतो.

उलट बाजूही बघा. नर असूनही रंग नसणं अगदी नेहमीचं आहे. पीकॉक सिक्लिडांच्या टाकीत एक नर वरचढ झाला की दुबळे नर राखाडीच राहतात, मादीसारखे दिसतात आणि त्यामुळेच मारापासून वाचतात. माशाच्या कातडीतल्या रंगपेशींत रंगाचे कण पसरले की अंग गडद होतं, गोळा झाले की फिकं पडतं, आणि हे चेतासंस्थेच्या हुकमाने क्षणांत घडू शकतं. भीती, उजेड, तळाचा रंग, रात्र, आजार, सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. निऑन टेट्राची निळी रेघ रात्री विझल्यासारखी होते. गप्पीचा नारिंगी रंग बराचसा खाण्यातून येतो. शेवाळ आणि योग्य खाद्य नसेल तर तो खुलत नाही. आता दुकानातली टाकी डोळ्यांसमोर आणा. तळाला रेती नाही, लपायला झाड नाही, डोक्यावर झगझगीत दिवा आणि दर तासाला जाळी पाण्यात. कालच पिशवीतून आलेला घाबरलेला नर तिथे फिकाच दिसणार. नियम जिथे सगळ्यात जास्त वापरला जातो, तिथेच तो सगळ्यात कमी चालतो.

समुद्री माशांच्या टाकीत तर प्रश्नच वेगळा. क्लाउनफिशची पिल्लं सगळी आधी नर होतात. गटातला सगळ्यात मोठा मासा मादी असतो, त्याखालचा नर, आणि मादी गेली तर नराची मादी होते. हे फ्रिके दांपत्याने १९७७ साली मांडलं. ओसेलॅरिस क्लाउनफिशमध्ये या सगळ्या उलथापालथीत रंग मात्र तोच राहतो. नारिंगी अँथियसमध्ये गाडी उलट्या दिशेने जाते. नर काढून घेतला की मोठी मादी नर होते, हे फिशेलसन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलं, आणि तिथे रंगही नारिंगीकडून जांभळटाकडे झुकतो. कॅरिबियन समुद्रातल्या निळ्या डोक्याच्या रॅसमध्ये पिवळे छोटे मासे सगळे माद्या असतील असं वाटतं, पण त्यांत नरही मिसळलेले असतात. निळं डोकं ही तिथे वरचढ नराची अवस्था आहे. या सगळ्यांत रंग आपल्याला माशाचं वय, गटातला दर्जा, तब्येत, विणीची तयारी सांगतो. माशाकडून ही माहिती मिळते ती मोलाचीच आहे. लिंग त्यातून कधी कळतं, कधी कळत नाही.

शेवटचा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकतो: ‘नवख्याला काहीतरी सोपं सांगावं लागतं.’ नवखा माणूस पहिला मासा कुठला आणतो? बहुतेक वेळा गोल्डफिश. त्यात नर-मादी एकाच सोनेरी रंगाची. विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे दाणे येतात. हीच त्याची खरी खूण. पण नवख्याला रंग बघायला शिकवलेलं असतं, दाणे बघायला नाही. तो घाबरतो, दुकानात धावतो, आणि तिथे त्याला पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचं औषध मिळतं. ठणठणीत नराला विषारी औषधाच्या पाण्यात ठेवलं जातं. खरं तर फरक सोपा आहे. रोगाचे ठिपके अंगभर आणि सगळ्या परांवर विखुरलेले असतात, मासा अंग घासत फिरतो. नराचे दाणे ठराविक जागी, ओळीने, आणि मासा मजेत खात असतो. रंगाच्या नियमाऐवजी ही दोन वाक्यं शिकवायला कितीसा वेळ लागतो?

फायटरमध्ये आखूड परांची प्लाकाट नावाची जात मिळते. तिचे नर लांब शेपटीचे नसतात म्हणून लोक त्यांना मादी समजतात, आणि आजकालच्या माद्याही चांगल्याच रंगीत असतात. चूक झाली की दोन नर एका टाकीत पडतात आणि सकाळी त्यातला एक फाटलेला दिसतो. मादीच्या पोटाखाली, पुढच्या लांब परांच्या मागे, अंडी बाहेर येण्याच्या जागेचा पांढरा ठिपका बघा. विणीला आली की तिच्या अंगावर उभे पट्टेही येतात. तरुण नरांत कधीकधी तसाच ठिपका दिसतो, म्हणून अंगाचा गोलावा आणि वागणं सोबत बघावं. आणि ‘माद्याच घेतल्या, म्हणजे पिल्लांचा त्रास नाही’ असं समजून गप्पी आणणाऱ्यालाही पुढे धक्का बसतो, कारण गप्पीची मादी नराचे शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवते. आमच्याकडे महापालिका डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत गप्पी सोडतात, त्यामागे त्यांचा हा झपाट्याने वाढण्याचा गुणही आहे.

या नियमाची आणखी एक किंमत आहे. फिकी मादी म्हणजे कमअस्सल मासा, असं त्यातून मनात बसतं. पुस्तिकांत तिच्यासाठी ‘अनाकर्षक’ असा शब्द येतो, आणि रंग न चढलेल्या माद्या मोठ्या माशांपुढे खाद्य म्हणून टाकल्या जातात. रुपेरी गुरामीच्या अंगावरची फिकट नक्षी किंवा भरल्या पोटाची गप्पीची मादी नीट पाहिली तर ‘अनाकर्षक’ म्हणायला जीभ वळणार नाही.

मग करायचं काय? जात ओळखा आणि त्या जातीची खूण शोधा. थ्री-स्पॉट गुरामीत नराचा पाठीवरचा पर लांब आणि टोकदार, मादीचा आखूड आणि गोल. ब्रिसलनोज प्लेकोत नराच्या तोंडावर मिशांसारखे फाटे. कोरीडोरास वरून पाहावा. मादी रुंद दिसते. रोझी बार्ब आणि चेरी बार्बमध्ये विणीच्या काळात रंग खरोखर उपयोगी पडतो, तिथे तो जरूर बघावा. आणि काही जातींत सरळ मान्य करावं की बाहेरून कळत नाही. एंजल आणि डिस्कसमध्ये अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी पोटाखाली बारीक नळी दिसते, नराची टोकदार आणि मादीची बोथट. त्याआधी कुणी छातीठोकपणे ‘ही जोडी’ म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. दोन माद्याही जोडीसारख्या राहतात, पान स्वच्छ करतात, अंडी घालतात आणि मग ती अंडी पांढरी पडून बुरशीने जातात. केरळ-कर्नाटकच्या सह्याद्रीतल्या नद्यांमधला डेनिसन बार्ब, ज्याला ‘मिस केरळ’ म्हणतात, त्यातही नर-मादीच्या रंगात फरक नाही, आणि तो संकटग्रस्त मासा जोडीच्या हट्टापायी नद्यांतून उपसण्याचं काही कारण नाही.

एंजलसारख्या माशांचा उपाय पैदास करणाऱ्यांना कधीपासून माहीत आहे: पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवायची आणि त्यांना आपापली जोडी जमवू द्यायची. क्लाउनफिशची दोन लहान पिल्लं आणली तर एक मोठी होऊन मादी होते, बहुधा फारशा भांडणाशिवाय. दुकानदारांनी टाकीवर किमतीच्या पाटीखाली एवढंच लिहावं: या जातीत नर-मादी कशावरून ओळखतात, किंवा ‘ओळखता येत नाही, सहा पिल्लं घ्या’. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी ते रंगाचं वाक्य पुढच्या आवृत्तीतून काढून टाकावं आणि त्या जागी प्रत्येक जातीच्या गुदपराचं आणि पाठीवरच्या पराचं चित्र छापावं.